निकड नव्हती

"जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक रास्त किंमत असते, साहेब. ती ओळखायला फक्त नजर लागते," मी म्हणालो. हे म्हणताना मी खुर्चीत जरा मागे रेललो होतो, तेही मला आठवतं. नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. घरून होता. आदल्या दिवशी मी नऊशे रुपये डझनानं आणलेले हापूस हे हापूस नव्हतेच, कर्नाटकातले होते, बारांतले चार आतून काळे निघाले होते आणि शेजारच्या देसायांनी अस्सल फळ सहाशेनं आणलं होतं, एवढी माहिती मला मगदूम साहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात मिळाली. फोन ठेवून मी पुन्हा मागे रेललो, पण पहिल्याइतका नाही.

आठ वर्षांपूर्वीचा मे महिना होता. कोल्हापूरबाहेर हायवेला लागून असलेल्या मगदूम कास्टिंग्जमध्ये मी हिशेब विभागाचा प्रमुख होतो. लोखंड वितळवून पंपांची खोकी आणि ब्रेकचे ड्रम ओतायचे, हा आमचा धंदा. कारखाना थोरल्या मगदुमांनी काढला. ते गेल्यावर धाकटे मगदूम खुर्चीवर बसले. ते एक वर्ष इंग्लंडला शिकून आले होते आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले होते : कॉफीचं यंत्र आणि फेअर व्हॅल्यू, म्हणजे रास्त किंमत. यंत्र महिनाभरात बिघडलं.

थोरल्या साहेबांना नव्या भट्टीसाठी पैसे हवे होते तेव्हा ते बँकेत गेले नाहीत. बँकेला व्याज देण्यापेक्षा आपल्याच माणसांना देऊ, म्हणाले, आणि कामगारांसाठी हजार-हजार रुपयांचे कर्जरोखे काढले. दोनशे बारा माणसांनी फंड, ग्रॅच्युइटी, बायकांच्या भिशीचे पैसे असं सगळं त्यात घातलं. अकरा कोटी जमले. व्याज पाडव्याला आणि दिवाळीला न चुकता मिळायचं. त्या रोख्यांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. रोखे काढताना कुठल्याशा सल्लागाराच्या सांगण्यावरून एक ओळ लिहून ठेवली होती, की हे देणं दरवर्षी ताळेबंदात त्या दिवशीच्या रास्त किमतीला दाखवलं जाईल. मी दरवर्षी हजाराच्या रोख्यापुढे हजार लिहीत होतो. रोखा कोणी विकतच नव्हतं, त्यामुळे कोणी काही विचारतही नव्हतं.

त्या वर्षी ऑर्डरी आटल्या होत्या. तोटा इतका झाला होता, की कंपनीची सगळी मालमत्ता एका बाजूला आणि सगळी देणी दुसऱ्या बाजूला मांडली तर देणी पाच कोटींनी वर येत होती. हायवेकडेची जमीन पुस्तकात अजून थोरल्या साहेबांनी घेतली त्या भावानं होती, म्हणजे जवळजवळ फुकट. बँकेनं कळवलं, की ताळेबंद असा उणे दिसला तर कर्ज पुढे चालू राहणार नाही. कर्ज बंद म्हणजे भट्टी बंद. धाकट्या साहेबांनी रात्रंदिवस जुने कागद चाळले आणि त्यांना ती ओळ सापडली.

तिची गंमत मी तुम्हाला थोडक्यात सांगतो. समजा, तुम्ही माझ्याकडून शंभर रुपये घेतलेत. मग तुमचा धंदा बसला, आणि तुम्ही काही ते परत करत नाही अशी गावभर चर्चा झाली. आता माझं ते येणं कोणी विकत घ्यायचं म्हटलं, तर चाळीसच देईल. म्हणजे तुमच्या देण्याची आजची किंमत चाळीस. उरलेले साठ तुमच्या पुस्तकात फायदा म्हणून चढले. फायदा कशामुळे झाला, तर तुमची अब्रू गेली म्हणून. यात कुठेही लबाडी नाही. असा नियमच आहे, आणि तो फार हुशार माणसांनी केलेला आहे.

तर आमची अब्रू किती गेली आहे ते मोजायचं काम माझ्याकडे आलं.

भाव काढायच्या तीन पायऱ्या असतात. पहिली म्हणजे रोज पेपरात छापून येतो तो भाव. दुसरी म्हणजे बाजारात झालेल्या एखाद्या खऱ्या व्यवहारावरून काढलेला भाव. आणि दोन्ही नसतील तर तिसरी : आपण टेबलाशी बसायचं, काही गोष्टी गृहीत धरायच्या आणि आकडा काढायचा. मी तिसऱ्या पायरीवर बसलो. साहेबांना चारशेच्या आसपास उत्तर हवं होतं. मी ते आधी लिहिलं आणि उलटं गणित करत वर गेलो. आमच्या विभागात ही पद्धत जुनीच होती. गणित सुरेख जमलं. पण पुण्याहून आलेल्या ऑडिटर सबनीसबाईंनी ते दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा न वाचता बाजूला ठेवलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण चहासुद्धा कंपनीचा घेत नव्हत्या. थर्मास घेऊन यायच्या.

"गृहीतं नकोत," त्या म्हणाल्या. "एक खरा व्यवहार दाखवा."

असा एक व्यवहार माझ्या खणात होता. मार्च महिन्यात श्रीपती सुतार नावाच्या निवृत्त कामगारानं आपल्या पाचशे रोख्यांपैकी तीनशे शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याला विकले होते. नाव बदलण्याचा अर्ज माझ्याकडेच आला होता. भाव : चारशे दहा.

बाईंनी अर्ज नीट वाचला. मग विचारलं, की या माणसानं विकले का. मी म्हणालो, ते अर्जात लिहायचं नसतं. त्या म्हणाल्या, मला ते कळायला हवं. विकणारा राजीखुशीनं विकत असेल, तर तो भाव. गळ्याशी आलं म्हणून विकत असेल, तर तो भावच नव्हे, तो मी धरणार नाही. त्यांनी तिथल्या तिथे एक निवेदन टाइप केलं आणि त्यात एक प्रश्न घातला : ही विक्री आपण कोणत्याही निकडीपोटी अथवा दडपणाखाली केली आहे काय? पुढे दोन चौकोन. होय आणि नाही.

"समक्ष विचारून भरून आणा," त्या म्हणाल्या.

धाकटे साहेब जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आले. मला निवृत्तीला चार महिने उरले होते, मुलीचं लग्न ठरत होतं आणि मुदतवाढीचा माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. त्यातलं ते काहीच बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "चिकोडीकर, चौकोन चुकवू नका."

श्रीपती सुतार, म्हणजे सगळ्यांचा मेस्त्री, आमच्याकडे पॅटर्नमेकर होता. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते, ते त्याचं काम. त्याच्याजवळ एक पितळी पट्टी असायची, आणि तिच्यावरचा इंच जगातल्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा नमुना आधीच तेवढा वाढवून करायचा असतो. पस्तीस वर्षं त्याचा एकही नमुना परत आला नाही. कारखान्यात भांडण झालं तर माणसं युनियनकडे जायच्या आधी मेस्त्रीकडे जायची. मेस्त्री जे म्हणेल ते मोजून म्हणेल, असा सगळ्यांचा विश्वास होता.

त्याचं घर उचगावात. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा सोपा, मागं परसू. मी गेलो तेव्हा तो खुर्चीचा पाय बसवत होता. मला बघून उठला, हात धोतराला पुसले आणि आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघून म्हणाला, की चिकोडीकर साहेब आलेत, चहा टाक.

आतून त्याच्या बायकोनं, हौसावहिनींनी, मला बरं आहे का विचारलं. आवाज पातळ झाला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार आणि शुक्रवारभोवती सुतारी पेन्सिलीनं गोल केले होते, खुंटीला दवाखान्याची फाइल पिशवीत घालून टांगली होती. कोनाड्यात एक स्टीलचं फुलपात्र होतं. त्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं ओढलेल्या सहा बारीक रेघा होत्या, मेस्त्रीच्या हातच्या, एकसारख्या अंतराच्या. वहिनींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा रक्त यंत्रातून धुवून आणायचं, आणि दिवसभरात पाणी प्यायचं ते त्या रेघांवर मोजून. चहा त्यांनी आमच्या दोघांपुरताच केला.

मी निवेदन बाहेर काढलं. मेस्त्रीनं वरची ओळ वाचली, आणि रोखे हा शब्द दिसला तसा कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

"चला की परसात," तो हळू म्हणाला. "रायवळ आंबा आलाय यंदा झाडाला. दाखवतो. तिथंच बोलू."

"यंदा मला आंब्याचा कंटाळा आलाय, मेस्त्री," मी म्हणालो, आणि त्याला नऊशे रुपयांच्या डझनाची हकिगत सांगितली. तो हसला, पण उठलेला तसाच उभा राहिला. मी म्हणालो, "बसा. सही करायला टेबल लागतं."

तो बसला.

मी कागद पुन्हा उघडला आणि वाचून दाखवायला लागलो. आपण तीनशे रोखे अमुक तारखेला अमुक इसमास विकलेत, बरोबर? त्यानं मान हलवली. मी म्हणालो, तोंडानं सांगा. तो बरोबर म्हणाला. चारशे दहा भावानं, बरोबर? बरोबर. मग मी शेवटचा प्रश्न वाचला, सबनीसबाईंनी लिहिला होता तसाच, शब्दन्‌शब्द. आत भांडी विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मेस्त्री पडद्याकडे बघत होता.

"निकड?" तो म्हणाला. "कसली निकड? पोरं न्हाईत, बाळं न्हाईत, दोन माणसांचं घर. पडून होते ते इकले." मग जरा मोठ्यानं, "औषधपाण्याचं तर सगळं कंपनीच बघती."

कंपनी बघत नव्हती. निवृत्त कामगारांचा दवाखान्याचा विमा नोव्हेंबरात बंद झाला होता. तसं परिपत्रक मीच टाइप करून घेतलं होतं, आणि पोचपावतीवर मेस्त्रीची सही होती.

"म्हणजे नाही," मी म्हणालो.

"न्हाई," तो म्हणाला.

मी चौकोनात खूण केली. सहीसाठी पेन त्याच्यापुढे धरलं तर ते चालेना. दोनदा झटकलं, तरी कागदावर नुसता ओरखडा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना पडद्याच्या कडेतून एक हात बाहेर आला. हातावर सुया टोचून काळे-निळे डाग पडले होते. हातात एक बिनटोपणाचं पेन होतं. पेन कोणी मागितलं नव्हतं.

मेस्त्रीनं सही केली. सावकाश, रेघ न सोडता.

फाटकापर्यंत तो माझ्याबरोबर आला. मी स्कूटर काढली तसा त्यानं हँडलवर हात ठेवला. "साहेब," तो म्हणाला, "आत मी जे बोललो ते..."

"सही झाली, मेस्त्री," मी म्हणालो.

त्यानं हात काढला. मग विचारलं, "त्या कागदानं कुणाचं वाईट तर हुणार न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, नुसती औपचारिकता आहे.

सबनीसबाईंनी निवेदन वाचलं, सही मूळ अर्जाशी ताडून पाहिली आणि मला एकच विचारलं, की तुम्ही स्वतः विचारलंत ना. मी म्हणालो, समोर बसून, मोठ्यानं वाचून विचारलं. ते शंभर टक्के खरं होतं. अकरा कोटींचं देणं साडेचार कोटींचं झालं, उणे पाच होते तिथे अधिक दीड आले. बँकेनं कर्ज चालू ठेवलं. धाकट्या साहेबांनी पेढे वाटले आणि मला दोन वर्षांची मुदतवाढ दिली. सोबत एक भिंतीवरचं घड्याळ, कंपनीच्या नावाचं. आपण आपली उधारी फेडणार नाही अशी जगाची खात्री पटल्याबद्दल पेढे वाटणारा कारखाना मी त्याआधी पाहिला नव्हता. मी दोन खाल्ले.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

जुलैत फाटकावर नोटीस लागली. कंपनी आपले रोखे रास्त किमतीला परत घ्यायला तयार आहे. ऑडिटरनं मान्य केलेला भाव चारशे दहा. कंपनी मात्र आपुलकी म्हणून चारशे पंचवीस देईल. घ्यायचे पैसे धाकट्या साहेबांनी कुठून आणले ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. नोटिशीशेजारी मेस्त्रीच्या निवेदनाची झेरॉक्स काचेत लावली होती. 'कोणत्याही निकडीपोटी अथवा दडपणाखाली' आणि पुढे 'नाही'च्या चौकोनात खूण. खाली त्याची सही. ती खूण माझ्या हातची होती, पण खुणेवरून अक्षर ओळखता येत नाही.

पहिले दोन दिवस कोणी आलं नाही. माणसं काचेसमोर उभी राहायची, वाचायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी मोल्डिंगचा एक जुना कामगार माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, मेस्त्रीला गरज नसताना त्यानं चारशे दहानं काढले, म्हणजे त्याला काहीतरी कळलंय, आमचेही घ्या. मग रांग लागली. सहा आठवड्यांत मी जवळजवळ सगळे रोखे रद्दचा शिक्का मारून फाइल केले. सप्टेंबरात मेस्त्री स्वतः आला, उरलेले दोनशे घेऊन. पंचाऐंशी हजार मोजून घेतले. माझ्याशी काही बोलला नाही, आणि मीही शिक्का मारण्यात गुंतलो होतो. हौसावहिनी त्या मार्गशीर्षात गेल्या.

त्यानंतर दीड वर्षानं धाकट्या साहेबांनी भट्टी बंद केली आणि हायवेकडेची जमीन गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीला विकली. पुस्तकात जवळजवळ फुकट असलेली ती जमीन किती कोटींना गेली ते पेपरात आलं होतं. बँकेचं कर्ज फिटलं, सगळ्यांची देणी भागली, आणि तरी साहेबांना पुरेसं उरलं. रोखे तेवढ्यात दहा वेळा हजार रुपयांनी फेडता आले असते. फेडलेही, पण तेव्हा बाहेर उरले होते फक्त तीनशे. शाहूपुरीतल्या अडत्याला तीन लाखांचा चेक मीच लिहिला. रजिस्टरातली ती शेवटची नोंद. दोनशे बारा माणसांच्या रजिस्टरात पूर्ण पैसे मिळालेला तो एकटाच, आणि तो त्या दोनशे बारांतला नव्हता.

माणसांनी याचा राग धाकट्या साहेबांवर काढला नाही. ते पुण्याला राहायला गेले होते. मला कोणी काही म्हणालं नाही, मी नोकर माणूस. बोल मेस्त्रीला लागला. तूच पहिला विकलास, तूच लिहून दिलंस. उचगावच्या चहाच्या टपरीवर तो बसला की बाकावरची माणसं उठायची, असं मी ऐकलं. मग तो तिथे जाईनासा झाला.

मी त्याच्याकडे गेलो तो गेल्या दिवाळीनंतर. इतकी वर्षं का गेलो नाही याला माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. मुलीचं लग्न, मग बाळंतपण, मग माझा मोतीबिंदू. ती सगळी कारणं संपली.

मेस्त्री सोप्यात बसला होता. पितळी पट्टी मांडीवर होती, पण काम काही दिसलं नाही. मला म्हणाला, "बसा की, साहेब." आतून कोणी काही विचारलं नाही. पडदा काढून टाकला होता.

मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती, ती बाजूला राहिली.

"मेस्त्री, त्या दिवशी तुम्ही मला परसात बोलावलंत," मी म्हणालो. "मला आंब्याचा कंटाळा वगैरे काही नव्हता. वहिनी आत ऐकत होत्या. त्यांच्यादेखत तुम्ही नाहीच म्हणणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी बाहेर आलो नाही. म्हणून मोठ्यानं वाचलं."

तो पट्टी अंगठ्यानं पुसत होता. बराच वेळ पुसली.

"ते मला तवाच कळलं हुतं," तो म्हणाला.

त्यानं पट्टी मांडीवरून खाली ठेवली.

"तिला बी ठावं हुतं. रोखे तिच्याच ट्रंकंत हुते. पाचशाचे दोनशे झाले ते तिला कळंना व्हय? पर बोलली न्हाई. मी खोटं बोलतोय, ते मला नीट बोलू द्यावं म्हणून गप बसली. आन् मी बोललो तिच्यासाठनं." त्यानं रिकाम्या दाराकडे बघितलं. "पेन का आणून दिलं, इचारलं मी तिला मागनं. म्हणाली, तो बाबा लौकर जाऊ दे म्हणून."

 मी वाट बघत बसलो. शिव्या देईल, निघा म्हणेल, किंवा जाऊ द्या म्हणेल; तिन्हींची माझी तयारी होती. तिसऱ्याची जरा जास्त. रस्त्यानं एक टेम्पो गेला, मग दुसरा. शेवटी तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि आतल्या खोलीत गेला. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात घडी घातलेला एक कागद होता, आणि मला वाटलं, निवेदनाची ती झेरॉक्स त्यानं जपून ठेवली आहे. माझा हात पुढे होईना. त्यानं कागद माझ्या मांडीवर ठेवला.

लाइटबिल होतं.

"तुम्ही हिशेबातली माणसं," मेस्त्री म्हणाला. "सातशे ऐंशी आलंय. एक पंखा आन् एक दिवा. एकट्या माणसाला एवढं येतंय व्हय? चष्मा लावून जरा बघा की."